वाचनालयात कवी बोलवायचेत? मग आधी त्यांची पुस्तकं सभासदांच्या घरी पोचवा

आपल्या मोहल्ल्यातल्या वाचनालयात एखाद्या कवीला बोलवावं, त्यांच्याच आवाजात कविता ऐकाव्या आणि मग निवांत बसून त्यांच्याशी बोलावं, असं नागपुरात बऱ्याच जणांना वाटते. विचारतात पण की हे करायचं कसं. तर एकदाचं सगळं सविस्तर लिहून टाकतो, ज्यांना कामी येईल त्यांनी खुशाल वापरा आणि आपल्या वाचनालयाप्रमाणे बदलून घ्या.

पहिले एक गोष्ट सांगतो, कारण बाकीचं सगळं तिच्यावरच उभं आहे. मोठ्या कार्यक्रमांसाठी आपल्या शहरात जागा आहेत. रेशीमबागेत कविवर्य सुरेश भटांच्या नावाचं एवढं मोठं सभागृह आहे, झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघाचं संकुल आहे, संघ तर 1923 पासून काम करून राहिलाय. तिथे मोठे कार्यक्रम होतात आणि व्हायलाच पाहिजेत. पण वाचनालयाजवळ जे आहे ते कोणत्याच सभागृहाजवळ नाही, म्हणजे पुस्तकं आणि ती पुस्तकं घरी नेऊन वाचणारे सभासद. म्हणून वाचनालयातला कार्यक्रम बॅनरपासून नाही, पुस्तकांपासून सुरू करायचा. तारीख पक्की झाली की निदान महिनाभर आधी त्या कवीचे मिळतील तेवढे संग्रह मागवा, जमलं तर प्रत्येकाच्या दोन-तीन प्रती, दाखल नोंदवहीत चढवा आणि सरळ काउंटरवर ठेवा. कपाटात नको. ड्यूई पद्धतीनं, म्हणजे विषयवार आकडे देऊन, पुस्तकं लावलेली असतील तर मराठी कविता 891.461 वर येते आणि तो कप्पा बऱ्याच ठिकाणी आतल्या रॅकवर, ट्यूबलाइटचा उजेड पोचत नाही अशा कोपऱ्यात राहते, तिथवर जाऊन कविता शोधणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

काउंटरवर पुस्तक असलं की काम सोपं होते. कादंबरी बदलायला आलेल्या काकूंना ग्रंथपालांनी नुसतं म्हटलं, "हे कवी पुढच्या महिन्यात आपल्याकडे येऊन राहिले, हे पण नेता का सोबत?" की दहातले चार-पाच जण तरी नेतात. त्यासाठी कार्यकारिणीकडून एवढी परवानगी घ्या की नेहमीच्या पुस्तकासोबत हे एक जास्तीचं मिळेल आणि सात दिवसांत परत येईल, म्हणजे एक प्रत महिन्यात चार घरं फिरते. पन्नास माणसं आली आणि त्यातल्या पंधरा जणांनी जरी पुस्तक चाळलेलं असलं तरी त्या संध्याकाळचा रंगच बदलतो, कवीलाही ते लगेच कळते, समोरचे चेहरे कविता ओळखतात ना.

वर्तमानपत्राच्या टेबलाजवळ जो बोर्ड असतो त्याच्यावर दर आठवड्याला एक कविता लावा, मोठ्या अक्षरात, खाली संग्रहाचं नाव. सकाळी पेपर वाचायला येणारे आजोबा लोक ती वाचतातच आणि मग त्याच्यावर आपसात बोलतातही. फक्त कवीला विचारून लावा. अख्ख्या पुस्तकाची झेरॉक्स काढून वाटणं हे तर करूच नका, आपल्याकडे लेखक असेपर्यंत आणि गेल्यावर पुढे 60 वर्षं हक्क त्यांचा आणि त्यांच्या वारसांचा राहते, आणि कवितासंग्रह आधीच किती कमी विकल्या जातात ते सगळ्यांना माहीत आहे.

कवी कोण, आणि कविता कोणत्या जातकुळीची

नागपूरची कविता एका रंगाची कधीच नव्हती. इथे ग्रेस होते, अनिल होते, अमरावतीत जन्मलेले सुरेश भट शेवटी इथलेच झाले, वामन निंबाळकर आणि यशवंत मनोहर यांच्यासारख्यांची आंबेडकरी कविता इथून उभी राहिली, हिंदीतले मुक्तिबोध इथे राहून गेले. म्हणून दरवेळी त्याच दोन-तीन नावांना फोन लावू नका. भंडारा-चंद्रपूर-गडचिरोलीकडे झाडीबोलीत लिहिणारे आहेत, अकोला-बुलढाण्याकडे वऱ्हाडीत लिहिणारे आहेत, कॉलेजात शिकणाऱ्या पण जबरदस्त लिहिणाऱ्या मुली आहेत, त्यांना बोलवा.

आणि कविता कोणत्या प्रकारची आहे त्यावर मांडणी ठरते हे बरेच आयोजक लक्षातच घेत नाहीत. गझल असेल तर लोक जवळ-जवळ बसलेले पाहिजेत, शेराच्या पहिल्या ओळीला दाद उठली पाहिजे, "पुन्हा" म्हणता आलं पाहिजे, कारण पहिली ओळ दोनदा ऐकल्यावरच दुसरीची वाट पाहण्यात मजा. मुक्तछंद असेल तर उलट. तिथे मधे-मधे वाहवा आली की कवितेचा श्वास तुटतो, म्हणून सूत्रसंचालकानं आधीच प्रेमानं सांगून द्यावं की कविता पूर्ण झाल्यावर दोन क्षण थांबून टाळ्या वाजवूया. बोलीतली कविता असेल तर कवीला प्रत्येक शब्दाचा प्रमाण मराठीत अर्थ सांगायला लावू नका, चार-पाच अनोळखी शब्द एका कागदावर छापून खुर्च्यांवर ठेवून द्या, संपलं. आपल्या शहरात बरेच लोक हिंदीतूनच बोलतात, तर प्रश्न हिंदीत आला तरी चालेल हे पण सांगून ठेवा.

तारीख

27 फेब्रुवारी टाळा. मराठी भाषा गौरव दिनाला प्रत्येक संस्थेचा कार्यक्रम असतो आणि चांगले कवी त्या दिवशी तीन ठिकाणी पळत असतात. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन चालू असेल तर सिव्हिल लाइन्स, सीताबर्डीकडे रस्ते कधी बंद होतील सांगता येत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल-इतवारीकडे मारबतीच्या मिरवणुकीची गर्दी राहते, दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, तेव्हा शहराचं लक्ष तिकडेच असते आणि असायलाच पाहिजे. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो तेव्हा साठीपुढच्या माणसांना घराबाहेर काढणं बरोबर नाही. पावसाळ्यातला एखादा शनिवार, नाहीतर नोव्हेंबर किंवा जानेवारी, संध्याकाळी साडेपाच-सहाची वेळ, हे सगळ्यात चांगलं जमते.

अजून एक. अभ्यासिका. आपल्या बहुतेक वाचनालयांत एमपीएससी आणि पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं सकाळपासून रात्रीपर्यंत बसलेली राहतात, त्यांची जागा कार्यक्रमासाठी घेऊ नका, परीक्षा तोंडावर असेल तर तारीखच बदला. आणि त्यांना बोलवा. ही मुलं दिवसभर पाठांतर करून थकलेली असतात, संध्याकाळी तास-दीड तास कविता ऐकायला खाली येतात आणि त्यांचे प्रश्न बाकी कोणाहीपेक्षा सरळ राहतात.

पैसे आणि पाहुणचार

ओळखीचे आहेत, शहरातलेच आहेत म्हणून फुकट, हे चालू देऊ नका जी. माईकवाल्याला देतो, खुर्च्यावाल्याला देतो, मग ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय त्यांनाच काहून नाही? पहिल्याच फोनवर आकडा सांगा, छोटा असेल तर छोटा सांगा, संस्थेची ऐपत एवढीच आहे म्हणा, कवी समजून घेतात. न सांगणं जास्त वाईट, कारण समोरच्याला विचारायची लाज वाटते. पैसे त्याच दिवशी द्या आणि व्हाउचरवर सही घ्या, अनुदानित वाचनालयाला वर्षाचं ऑडिट असतेच. गावावरून येणाऱ्यांच्या भाड्याचे पैसे वेगळे द्या आणि परतीची गाडी कोणती ते आधी विचारून कार्यक्रमाची वेळ त्याप्रमाणे ठेवा, शक्यतो मुक्कामाचीच सोय करा. गडचिरोलीहून आलेल्या माणसाला रात्री नऊ वाजता गणेशपेठ बसस्टँडवर एकटं सोडून येऊ नये, एक कार्यकर्ता गाडी सुटेपर्यंत सोबत ठेवा.

बोलणारा माणूस निवडणं हे सगळ्यात महत्त्वाचं

कवीसोबत गप्पा करणारा प्राध्यापकच पाहिजे असं काही नाही. त्यानं किंवा तिनं कवीचे सगळे संग्रह वाचलेले पाहिजेत, एवढी एकच अट, पण ती पक्की. तुमच्याच सभासदांमधे बँकेतून रिटायर झालेल्या एखाद्या काकू असतील ज्यांनी पंचवीस वर्षं कविता वाचल्यात, त्यांना विचारा, नाही-नाही म्हणतील पण तयार करा, त्या जे विचारतील ते कोणी विचारलेलं नसेल.

"कविता कशी सुचते", "प्रेरणा कोणाची", "नवोदितांना काय संदेश द्याल" हे तीन प्रश्न बाजूला ठेवा. कवीनं त्यांची उत्तरं इतक्यांदा दिलेली असतात की ती आपोआप बाहेर पडतात, आणि त्या उत्तरात कविता कुठेच नसते. प्रश्न पुस्तकातून काढायचा. समजा पहिल्या संग्रहात आई सारखी बोलते आणि तिसऱ्या संग्रहात ती दिसते पण एक शब्द बोलत नाही, तर हेच विचारा, आई बोलायची कधी थांबली? किंवा पान उघडून दाखवा, ही ओळ तुम्ही 'आणि' वर तोडली, पुढे का नाही नेली? अशा प्रश्नावर कवी खुर्चीत पुढे सरकून बसतात, आधी थोडा वेळ गप्प राहतात, मग जे बोलतात ते त्यांनी स्वतःही आधी कुठे बोललेलं नसते. कवितेच्या आकृतिबंधावर, म्हणजे तिच्या रचनेवर पण विचारा. अनिलांनी स्वतःला दहा ओळींचा बांध घालून घेतला, त्या 'दशपदी' संग्रहाला 1977 चा साहित्य अकादमी मिळाला, आता अशा कवीला "दहाच ओळी का, अकरावी आली तर काय करता" एवढं विचारलं असतं तरी अर्धा तास निघाला असता. तसं काहीतरी प्रत्येक कवीच्या लिहिण्यात सापडते, शोधावं लागते.

आठ-दहा प्रश्न लिहून ठेवा पण पाचच होतील असं धरून चला. कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी कवीशी एकदा फोनवर बोला आणि कोणत्या विषयावर बोलायची इच्छा नाही ते विचारून घ्या. घरातलं दुःख, आजारपण, जुने वाद, हे लोकांसमोर अचानक काढायचं नसते.

परिचय तीन मिनिटांत संपवा आणि त्यातलं प्रत्येक वाक्य तपासा. आपल्या ग्रेसांचंच घ्या, त्यांना 2011 चा साहित्य अकादमी मिळाला तो 'वाऱ्याने हलते रान' या ललितलेखनाला, कवितासंग्रहाला नाही, पण भाषणांत कितीदा उलटं ऐकू येते. कवी समोर बसलेले असताना त्यांच्या पुस्तकाचं नाव चुकीचं वाचलं तर त्यांना किती लागते याचा विचार करा. लिहिलेला परिचय आदल्या दिवशी त्यांनाच व्हॉट्सॅपवर पाठवून द्या, दोन मिनिटांत दुरुस्त करून देतात.

हॉल

स्टेज नको. चाळीस ते साठ लोकांसाठी अर्धगोलात खुर्च्या लावा, कवी आणि संवादक त्याच जमिनीवर, एक लहान टेबल, पाणी. मागे पुस्तकांचं रॅक असू द्या, फ्लेक्सपेक्षा शंभरपट छान दिसते आणि फोटोही चांगला येतो.

आता कूलर. नागपुरात कूलरशिवाय हॉल चालत नाही, मार्चपासूनच लागतात, पण डेझर्ट कूलरच्या घरघरीत हळू आवाजातली कविता अक्षरशः बुडून जाते, ओळीचा शेवट तर ऐकूच येत नाही आणि कवितेत जे आहे ते कितीदा शेवटच्याच शब्दात असते. म्हणून कूलर कार्यक्रमाच्या तासभर आधी फुल चालवून हॉल थंड करून घ्या, वाचन सुरू होताना बंद करा, गप्पांच्या वेळी परत लावा. एक माणूस फक्त त्या बटणाजवळ बसवा. पंख्याखाली कवीला बसवलं तर कागद उडतात, एक हात कागद धरण्यातच जातो, तर परीक्षेला नेतो तसा क्लिपवाला पॅड टेबलावर ठेवून द्या. टेबलावर छोटा लॅम्प ठेवा, वाचनालयाचे दिवे रॅकसाठी लावलेले असतात, वाचणाऱ्याच्या कागदावर नेमकी सावली येते. कवी मोबाइलवरून वाचणार असतील तर फोन चार्ज करून फ्लाइट मोडवर टाका.

माईक एकदम समोर नको, तोंडापासून चार-सहा बोटं लांब आणि थोडा तिरपा, म्हणजे प, फ, भ आले की फट्-फट् आवाज होत नाही. टेस्टिंग "हॅलो हॅलो" म्हणून करू नका, त्यांचीच एखादी कविता हळू आवाजात वाचा आणि एक जण सर्वात मागच्या खुर्चीवर बसून ऐका. आणि हॉलऐवजी पटांगणात माईक लावणार असाल तर पोलिसांची लेखी परवानगी आधी काढा, जवळ शाळा किंवा दवाखाना असेल तर शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असते हे विसरू नका.

प्रत्यक्ष कार्यक्रम

सहाला म्हटलं तर सहा-दहाला सुरू करा, पाहुणे यायचे आहेत म्हणून थांबू नका. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, तीन भाषणं, अध्यक्षीय समारोप, हे सगळं एका दीड तासाच्या कार्यक्रमात घातलं तर कवीच्या वाट्याला वीस मिनिटं उरतात. ज्यांनी मदत केली त्यांचं नाव घेऊन मनापासून आभार माना, त्यांना पहिल्या रांगेत मानानं बसवा, पण भाषण नको, आणि हे त्यांना आदल्या दिवशी घरी जाऊन सांगा, बहुतेक जण आनंदानं ऐकतात. शाल-श्रीफळ द्यायचंच असेल तर शेवटी, दोन मिनिटांत.

पहिली वीस मिनिटं फक्त वाचन, मधे कोणी बोलायचं नाही. त्यात सहा-सात कविता होतात. मग संवादक एक-दोन प्रश्न विचारेल, त्यातून एखादी कविता निघेल, ती वाचायची, परत बोलायचं, असं गुंफत न्या. पहिले सगळं वाचन आणि मग सगळ्या गप्पा असं केलं की गप्पांच्या वेळेपर्यंत लोक कविता विसरलेले असतात. एक कविता दोनदा वाचायला सांगा, सुरुवातीला एकदा आणि तिच्यावर बोलणं झाल्यावर परत. दुसऱ्यांदा ऐकताना हॉलमधे जी शांतता होते ना, त्याच्यासाठी हा सगळा खटाटोप करायचा.

श्रोत्यांच्या प्रश्नांना वीस मिनिटं. हातातला माईक कार्यकर्त्यानंच धरून ठेवायचा. आपल्याकडे लिहिणारे खूप आहेत, ही चांगलीच गोष्ट आहे, पण प्रश्नाच्या नावाखाली स्वतःची कविता सुरू झाली की बाकीचे प्रश्न राहून जातात. म्हणून सुरुवातीलाच सांगा की सभासदांच्या कवितांसाठी अमुक तारखेला वेगळी बैठक आहे, आणि ती बैठक खरंच घ्या. सगळ्यांसमोर बोलायला जे बुजतात त्यांच्यासाठी खुर्चीवर कोरी चिठ्ठी आणि पेन ठेवा. चिठ्ठ्यांमधूनच जास्त खोल प्रश्न येतात, विशेषतः शाळा-कॉलेजच्या मुलींचे.

चहा शेवटी आणि बाहेर. तर्री पोहे कितीही प्रिय असले तरी पुस्तकांजवळ नको, तेलाचा डाग निघत नाही.

विक्रीचं टेबल दाराजवळ ठेवा, प्रकाशकाला किंवा कवीलाच सांगून पंचवीस-तीस प्रती मागवा, क्यूआर कोड आणि सुट्टे पैसे दोन्ही ठेवा. सही घेणाऱ्यांना आपलं नाव आधी चिठ्ठीवर लिहून आणायला सांगा, म्हणजे कवीला प्रत्येकाला नाव विचारावं लागत नाही. वाचनालयाच्या प्रतीवरही सही घ्या, पण मग ती प्रत काचेच्या कपाटात कुलूपबंद करू नका, देवघेवीतच राहू द्या.

रेकॉर्डिंग करायचं तर आधी विचारून, आणि लाइव्ह करायचं असेल तर वेगळं विचारा, कारण अजून न छापलेल्या कविता कवींना इंटरनेटवर नको असतात. अपलोड करायच्या आधी फाइल त्यांना पाठवा, काही काढा म्हणाले तर काढा. आणि कार्यक्रम चालू असताना एका माणसाला फक्त यादी करायला बसवा, कोणती कविता वाचली, कोणत्या संग्रहातली, पान कितवं. ती यादी दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालय उघडायच्या आधी बोर्डवर लागली पाहिजे आणि एक प्रत ग्रंथपालांजवळ, कारण लोक येतात आणि विचारतात, "काल ती विहिरीवरची वाचली ना, ती कोणत्या पुस्तकात आहे जी?" प्रत बाहेर गेलेली असेल तर वहीत नाव लिहून घ्या आणि परत आली की फोन करा.